राष्ट्रपतींच्या निवडणुकीत उंबरमाळीचे मत किती?

मध्य रेल्वेच्या कसारा मार्गावर खर्डी आणि कसारा यांच्यामध्ये उंबरमाळी हे छोटे स्थानक आहे. ठाणे जिल्ह्याच्या शहापूर तालुक्यातील हा डोंगराळ भाग. येथील मतदार ग्रामपंचायतीपासून लोकसभेपर्यंतच्या सर्व निवडणुकांत मतदान करतो. पण देशाच्या सर्वोच्च पदाची मतपत्रिका त्याच्या हाती कधीच पडत नाही. राष्ट्रपती निवडायची वेळ येते, तेव्हा उंबरमाळीच्या वतीने शहापूरचे आमदार आणि भिवंडीचे खासदार मत देतात. त्यांच्या मताचे वजन मात्र लोकसंख्येवरून ठरते आणि ती लोकसंख्या आजची नसून १९७१ सालची धरली जाते. म्हणजे उंबरमाळीचा माणूस या निवडणुकीत मतदार म्हणून नव्हे, तर शिरगणतीतील एक आकडा म्हणून सहभागी होतो आणि तो आकडाही अर्धशतकाहून जुना आहे.

राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांनी २५ जुलै २०२२ रोजी शपथ घेतली. त्यांची पाच वर्षांची मुदत जुलै २०२७मध्ये पूर्ण होते. त्याच सुमारास देशाच्या नव्या जनगणनेचे काम होणार असल्याने गोठलेल्या या वजनाचा प्रश्न पुन्हा ऐरणीवर येणार आहे. त्यासाठी ही पद्धत मुळातून समजून घेणे आवश्यक ठरते.

मतदार कोण, कोण नाही

राज्यघटनेच्या ५४व्या अनुच्छेदानुसार राष्ट्रपतींची निवड एक निर्वाचकगण करतो. संसदेच्या दोन्ही सभागृहांचे निवडून आलेले सदस्य आणि राज्यांच्या विधानसभांचे निवडून आलेले सदस्य हा तो निर्वाचकगण. १९९२च्या ७०व्या घटनादुरुस्तीने दिल्ली आणि पुदुच्चेरी येथील विधानसभांचाही त्यात समावेश झाला. ‘निवडून आलेले’ हा शब्द येथे महत्त्वाचा आहे. राज्यसभेत राष्ट्रपतींनी नामनिर्देशित केलेले १२ सदस्य असतात. त्यांना हा अधिकार नाही. आपल्याला नेमणाऱ्याच्या निवडणुकीत नेमलेल्याने मत देणे प्रशस्त नव्हे, हे सांगण्यास घटनेच्या भाष्यकाराची गरज नाही.

विधान परिषदेचे आमदारही या निवडणुकीत मतदार नसतात. महाराष्ट्रात विधान परिषदेचे सदस्य ७८ आहेत. त्यांतील काही जण मंत्री असतात, मुख्यमंत्रीही परिषदेवरून आलेले असू शकतात, परंतु राष्ट्रपतींच्या निवडणुकीपुरते त्यांचे स्थान सामान्य नागरिकाइतकेच. २०१७मध्ये देवेंद्र फडणवीस हे मुख्यमंत्री विधानसभेचे सदस्य असल्याने मतदार होते. उद्धव ठाकरे मुख्यमंत्री असताना विधान परिषदेचे सदस्य होते. त्यांच्या कारकिर्दीत ही निवडणूक झाली असती, तर राज्याचा प्रमुखच मतदार यादीबाहेर राहिला असता.

उपराष्ट्रपतींच्या निवडणुकीशी या पद्धतीची अनेकदा गल्लत केली जाते. उपराष्ट्रपतींना केवळ संसद सदस्य निवडतात, त्यात नामनिर्देशितही असतात आणि प्रत्येकाच्या मताचे मूल्य एक असते. सप्टेंबर २०२५मध्ये महाराष्ट्राचे तत्कालीन राज्यपाल सी. पी. राधाकृष्णन उपराष्ट्रपती म्हणून निवडून आले. त्या निवडणुकीत महाराष्ट्रातील एकाही आमदाराला मत नव्हते.

१७५ हा आकडा येतो कुठून

राष्ट्रपतींच्या निवडणुकीत महाराष्ट्राच्या प्रत्येक आमदाराच्या मताचे मूल्य १७५ आहे. त्याचा हिशेब साधा आहे. राज्याची १९७१ची लोकसंख्या होती ५ कोटी ४ लाख १२ हजार २३५. तिला विधानसभेच्या २८८ जागांनी भागले, की एका आमदारामागे १ लाख ७५ हजार ४२ माणसे येतात. दर हजार माणसांमागे एक मत धरले, तर होतात १७५ मते आणि उरतात ४२ माणसे. उरलेली संख्या पाचशे वा अधिक असेल, तर एक मत वाढते. कमी असेल, तर सोडून दिली जाते. महाराष्ट्राची ४२ माणसे अशी सुटली. सिक्कीमला मात्र या नियमाचा फायदा झाला. तेथे एका आमदारामागे ६,५५७ माणसे येतात. त्यामुळे सहाऐवजी सात मते धरली जातात. उत्तर प्रदेशच्या आमदाराचे मूल्य २०८, तमिळनाडू आणि झारखंडचे १७६, गोव्याचे २०.

खासदाराच्या मताचे मूल्य आमदारांच्या मतांवरून काढतात. सर्व राज्यांतील आमदारांच्या मतमूल्यांची बेरीज करून तिला संसदेच्या निवडून आलेल्या ७७६ सदस्यांनी भागायचे. म्हणजे एका बाजूला सर्व राज्ये आणि दुसऱ्या बाजूला संसद, असा हा काटा जवळपास समतोल राहतो. २०१७मध्ये खासदाराच्या मताचे मूल्य ७०८ होते. २०२२मध्ये जम्मू-काश्मीरची विधानसभा अस्तित्वात नसल्याने आमदारांची बेरीज ५ लाख ४३ हजार २३१वर आली आणि खासदाराचे मूल्य ७००वर घसरले. श्रीनगरमध्ये विधानसभा नाही म्हणून भिवंडीच्या खासदाराचे मत आठाने कमी होते, इतकी ही गणिते एकमेकांत गुंतलेली आहेत.

२०२२च्या आकड्यांनुसार संपूर्ण निर्वाचकगणाचे मतमूल्य होते १० लाख ८६ हजार ४३१. त्यात महाराष्ट्राच्या आमदारांचे ५०,४०० आणि राज्यातील लोकसभेच्या ४८ व राज्यसभेच्या १९ सदस्यांचे ४६,९००, असा मिळून ९७,३०० मतांचा वाटा होता. उंबरमाळीच्या मतदाराने थेट निवडलेल्या दोन प्रतिनिधींपुरते पाहायचे, तर आमदाराची १७५ आणि खासदाराची ७०० मिळून ८७५ मते होतात. राज्यसभेचे सदस्य आमदारांनी निवडलेले असतात. त्यांच्यापर्यंत उंबरमाळीचा हात आणखी एका पायरीने लांबून पोहोचतो.

शहापूर आणि मुरबाड

शहापूर आणि मुरबाड हे शेजारचे दोन विधानसभा मतदारसंघ. दोन्ही भिवंडी लोकसभा मतदारसंघात मोडतात. शहापूर अनुसूचित जमातींसाठी राखीव आहे, मुरबाड खुला. २०२४च्या निवडणुकांत शहापुरातून दौलत दरोडा, मुरबाडमधून किसन कथोरे आणि भिवंडीतून लोकसभेवर सुरेश ऊर्फ बाळ्यामामा म्हात्रे निवडून आले. तिघांचे पक्ष वेगळे आहेत.

या दोन आमदारांची तुलना केली, की मतमूल्याच्या हिशेबातील एक गोष्ट ठळकपणे दिसते. मुरबाड मतदारसंघात मुरबाड तालुक्यातील आदिवासी पाडे आहेत, तसेच बदलापूर शहरही आहे. १९७१ साली बदलापूर हे उपनगरी रेल्वेवरचे लहान गाव होते. २०११च्या जनगणनेत कुळगाव-बदलापूरची लोकसंख्या पावणेदोन लाखांच्या आसपास पोहोचली आणि त्यानंतरही तेथे इमारती उभ्या राहतच आहेत. उंबरमाळी, खर्डी, कसारा या पट्ट्यात अशी वाढ झालेली नाही. तरीही दोन्ही आमदारांच्या मताचे मूल्य १७५च आहे, कारण ते मतदारसंघाच्या लोकसंख्येवरून नव्हे, तर संपूर्ण राज्याच्या सरासरीवरून काढले जाते. मुंबईतील मलबार हिल असो, गडचिरोली असो की शहापूर, महाराष्ट्रातील प्रत्येक आमदार येथे सारखाच तोलला जातो. बदलापूरच्या नव्या रहिवाशाच्या तुलनेत उंबरमाळीच्या माणसाचे या निवडणुकीतील वजन त्यामुळे काकणभर अधिकच भरते. मुंबईला पाणी देणारे तानसा आणि भातसा जलाशय ज्या तालुक्यात आहेत आणि तरीही ज्याच्या पाड्यांवर उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते, त्या तालुक्याच्या पदरात पडलेले हे माप तेवढे झुकते म्हणायचे.

आणखी एक विसंगती आहे. आजच्या विधानसभा मतदारसंघांच्या सीमा २००१च्या जनगणनेवर आधारलेल्या असून, २००८च्या पुनर्रचनेत त्या निश्चित झाल्या. भिवंडी लोकसभा मतदारसंघ त्याच पुनर्रचनेत अस्तित्वात आला. म्हणजे आमदार निवडला जातो २००१च्या माणसांच्या नकाशावर आणि त्याचे राष्ट्रपतींसाठीचे मत मोजले जाते १९७१च्या माणसांवर.

पेन आयोगाचे, अंक कोणताही

मतदान राज्यांच्या राजधानीत आणि संसद भवनात होते. महाराष्ट्राचे आमदार मुंबईतील विधान भवनात मत देतात. आमदारांची मतपत्रिका गुलाबी, खासदारांची हिरवी. मतदान यंत्र येथे नाही. उमेदवारांच्या नावांपुढे १, २, ३ असे पसंतीक्रम हाताने लिहावे लागतात. हे अंक आंतरराष्ट्रीय पद्धतीचे, रोमन किंवा कोणत्याही मान्यताप्राप्त भारतीय भाषेतील चालतात. त्यामुळे शहापूरचे आमदार देवनागरीतील ‘१’ लिहू शकतात. मात्र ‘एक’ असे अक्षरात लिहिले, तर मत बाद होते. अंक लिहिण्यासाठी २०१७पासून निवडणूक आयोगाचेच जांभळ्या शाईचे पेन वापरावे लागते. आदल्या वर्षी हरयाणात राज्यसभेच्या निवडणुकीत वेगळ्या शाईवरून अनेक मते बाद झाली होती, त्याचा हा परिणाम. इतकी काळजी घेऊनही २०२२मध्ये ५३ मते बाद ठरली आणि त्यांतील १५ खासदारांची होती. कायदे करणाऱ्यांना मतपत्रिका भरता येऊ नये, यावर अधिक बोलायला नको.

मतदान गुप्त असते आणि पक्षादेश लागू होत नाही. राज्यसभेच्या निवडणुकीत हेच आमदार २००३च्या दुरुस्तीनंतर आपली मतपत्रिका पक्षाच्या प्रतिनिधीला दाखवून मग पेटीत टाकतात. राष्ट्रपतींच्या निवडणुकीत तशी सोय नाही. दाखवलेले मत बाद होते. पक्षांतरबंदी कायद्याचा बडगाही येथे चालत नाही. साहजिकच आपल्या आमदाराने कोणाला मत दिले, हे पक्षाला खात्रीने कळत नाही आणि मतदारालाही कळत नाही. लोकप्रतिनिधीला हे स्वातंत्र्य हवेच, असे एक मत आहे. परंतु ज्याच्या लोकसंख्येच्या बळावर हे मत दिले जाते, त्या उंबरमाळीकराला त्याचा हिशेब विचारण्याचा कोणताही मार्ग नाही, ही दुसरी बाजूही नाकारता येत नाही.

पक्षादेश नसल्याचा मोठा प्रत्यय महाराष्ट्राने २००७मध्ये दिला. जळगाव जिल्ह्यात जन्मलेल्या प्रतिभा पाटील या संयुक्त पुरोगामी आघाडीच्या उमेदवार होत्या. शिवसेना तेव्हा राष्ट्रीय लोकशाही आघाडीत होती आणि त्या आघाडीचा पाठिंबा भैरोसिंह शेखावत यांना होता. तरीही मराठी व्यक्ती राष्ट्रपती होत असल्याचे सांगत बाळासाहेब ठाकरे यांनी पाटील यांच्या पाठीशी पक्ष उभा केला. १९ जुलैला मतदान, २१ जुलैला मतमोजणी झाली. पाटील यांना ६,३८,११६, तर शेखावत यांना ३,३१,३०६ मते मिळाली. प्रतिभा पाटील देशाच्या पहिल्या महिला आणि पहिल्या मराठी राष्ट्रपती ठरल्या. २०१२मध्ये प्रणव मुखर्जी यांच्या वेळीही शिवसेनेने आघाडीबाहेर जाऊन मत दिले. २०२२मध्ये तर शिवसेनेत उभी फूट पडलेली असताना तिचे दोन्ही गट मुर्मू यांच्या बाजूने होते.

१९६९ : चिंतामणराव देशमुखांची मते

घटनेने या निवडणुकीसाठी ‘एकल संक्रमणीय मत’ ही पद्धत ठरवली आहे. नाव अवघड असले, तरी कल्पना सोपी आहे. विजयी उमेदवाराला केवळ इतरांहून अधिक मते पुरत नाहीत; वैध मतांच्या निम्म्याहून अधिक मते मिळवावी लागतात. पहिल्या पसंतीत कोणालाच तेवढी मिळाली नाहीत, तर सर्वांत कमी मते असलेला उमेदवार बाद होतो आणि त्याच्या मतपत्रिकांवर दुसरी पसंती ज्यांना आहे, त्यांच्याकडे ती मते जातात. कोणीतरी कोटा गाठेपर्यंत हे चालते. दुसऱ्या पसंतीची मते मोजून राष्ट्रपती ठरल्याचा प्रसंग आजवर एकदाच आला आणि त्याच्या केंद्रस्थानी एक मराठी माणूस होता.

राष्ट्रपती झाकीर हुसेन यांचे ३ मे १९६९ रोजी निधन झाले. काँग्रेसमध्ये इंदिरा गांधी आणि जुने नेते यांच्यातील संघर्ष तेव्हा पेटलेला होता. बंगळूरच्या बैठकीत काँग्रेस संसदीय मंडळाने नीलम संजीव रेड्डी यांचे नाव निश्चित केले. केंद्रीय गृहमंत्री यशवंतराव चव्हाण यांनी त्या वेळी रेड्डींच्या बाजूने मत दिले होते. उपराष्ट्रपती व्ही. व्ही. गिरी अपक्ष म्हणून रिंगणात उतरले. इंदिरा गांधी यांनी सदसद्विवेकबुद्धीला स्मरून मत देण्याचे आवाहन केले आणि ‘अंतरात्म्याचा आवाज’ हा शब्दप्रयोग तेव्हापासून राजकारणात रूढ झाला.

तिसरे प्रमुख उमेदवार होते चिंतामणराव द्वारकानाथ देशमुख. महाडजवळच्या नाते गावात जन्मलेले, रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, नेहरूंच्या मंत्रिमंडळातील अर्थमंत्री. मुंबई महाराष्ट्रापासून तोडण्याच्या निर्णयाच्या निषेधार्थ १९५६मध्ये त्यांनी मंत्रिपद सोडले, ही आठवण महाराष्ट्राने जपली आहे. १९६९मध्ये स्वतंत्र पक्ष आणि जनसंघ यांनी त्यांना पाठिंबा दिला होता. ते निवडून येणार नाहीत, हे उघड होते. मात्र त्यांच्या मतपत्रिकांवरील दुसऱ्या पसंतीला किती किंमत येणार आहे, याचा अंदाज फार थोड्यांना असावा.

१६ ऑगस्टला मतदान झाले. वैध मतांचे मूल्य ८,३६,३३७ होते. म्हणजे विजयासाठी ४,१८,१६९ हवी होती. पहिल्या पसंतीत गिरींना ४,०१,५१५, रेड्डींना ३,१३,५४८ आणि देशमुखांना १,१२,७६९ मते मिळाली. कोटा कोणीच गाठला नव्हता. किरकोळ उमेदवार एकेक करून बाद झाले, अखेरीस देशमुखही बाद झाले आणि त्यांच्या मतपत्रिका दुसऱ्या पसंतीनुसार वाटल्या गेल्या. त्यांतील बहुतांश रेड्डींच्या पारड्यात पडल्या. बाद झालेल्या सर्व उमेदवारांकडून रेड्डींना ९१ हजारांहून अधिक मतांची भर पडली, गिरींना मिळाली जेमतेम साडेअठरा हजार. तेवढी मात्र पुरेशी ठरली. अंतिम आकडे होते गिरी ४,२०,०७७ आणि रेड्डी ४,०५,४२७. कोट्यापेक्षा गिरींना दोन हजारांहूनही कमी मते अधिक होती. शहापूरच्या आमदाराच्या आजच्या मूल्याने मोजायचे, तर ११ आमदारांच्या मतांइतका हा फरक! काही महिन्यांतच काँग्रेस फुटली. गिरींच्या निवडीला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले गेले, राष्ट्रपती स्वतः साक्षीसाठी न्यायालयात उपस्थित राहिले आणि १९७०मध्ये ती याचिका फेटाळली गेली.

हौशी उमेदवारांचा सुळसुळाट ही त्या काळातील आणखी एक डोकेदुखी होती. १९६७मध्ये १७ उमेदवार उभे होते आणि त्यांतील नऊ जणांना एकही मत पडले नाही. पुढे नियम कडक झाले. १९९७पासून उमेदवाराला निर्वाचकगणातील ५० सूचक, ५० अनुमोदक आणि १५ हजार रुपये अनामत द्यावी लागते.

थेट निवडणूक का नाही? सरपंचांना विचारा

राष्ट्रपतींना जनतेनेच का निवडू नये, हा प्रश्न घटना समितीतही विचारला गेला. प्रौढ मतदानाने थेट निवडणुकीचा आग्रह धरणाऱ्यांत प्रा. के. टी. शहा अग्रभागी होते. योगायोगाची गोष्ट अशी, की १९५२मध्ये डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्याविरुद्ध उभे राहिले तेही शहाच आणि ज्या अप्रत्यक्ष पद्धतीला त्यांनी विरोध केला होता, तिच्यात त्यांना ९२,८२७ मते मिळाली; प्रसाद यांना ५,०७,४००.

शहांच्या आग्रहाला उत्तर देताना डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी मतदारसंख्येचा प्रचंड आकार, निवडणूक यंत्रणेवर पडणारा ताण आणि राष्ट्रपतिपदाचे स्वरूप या गोष्टींकडे लक्ष वेधले. त्यांतील शेवटचा मुद्दा निर्णायक होता. खरी सत्ता संसदेला जबाबदार असलेल्या मंत्रिमंडळाकडे राहणार असेल, तर केवळ नामधारी प्रमुखासाठी कोट्यवधींचे मतदान घेण्यात अर्थ नाही. जवाहरलाल नेहरूंचे म्हणणेही असेच होते. शिवाय थेट जनतेतून आलेला राष्ट्रपती आणि लोकसभेच्या बहुमतावर बसलेला पंतप्रधान, असे दोन कौल समोरासमोर उभे ठाकण्याचा धोका होताच. केवळ संसदेने राष्ट्रपती निवडला, तर तो बहुमतवाल्या पक्षाचा माणूस ठरेल. म्हणून राज्यांच्या विधानसभांना या प्रक्रियेत आणले गेले.

दोन कौलांचा हा पेच दिल्लीत उद्भवला नाही. शहापूर-मुरबाडच्या गावांना मात्र तो ओळखीचा आहे. महाराष्ट्रात पूर्वी ग्रामपंचायत सदस्य आपल्यातून सरपंच निवडत. २०१७मध्ये राज्य सरकारने सरपंचांची थेट जनतेतून निवड सुरू केली. २०२०मध्ये महाविकास आघाडी सरकारने ती रद्द करून सदस्यांना अधिकार परत दिला. २०२२मध्ये सरकार बदलताच थेट निवड पुन्हा आली. पाच वर्षांत तीन वेळा फिरलेल्या या निर्णयामागे पक्षीय सोय होती, हे लपून राहिलेले नाही. परंतु दोन्ही बाजूंचे युक्तिवाद खरे आहेत. सदस्यांनी निवडलेला सरपंच फोडाफोडीला बळी पडतो. जनतेने निवडलेल्या सरपंचामागे सदस्यांचे बहुमत नसेल, तर ठराव अडतात आणि गावाची कामे रखडतात. सरपंचाच्या हाती पैसा आणि प्रत्यक्ष अधिकार असतात, म्हणून तेथे थेट निवडीचा आग्रह समजण्यासारखा आहे. राष्ट्रपतींचे तसे नाही. ज्या पदाने मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने चालायचे, त्याला स्वतंत्र जनादेश दिला, तर तो वापरण्याचा मोह टाळणे कठीण.

पंचायत समितीचे सभापती आणि जिल्हा परिषदेचे अध्यक्ष मात्र सदस्यांतूनच निवडले जातात. एकाच मतदाराच्या वाट्याला अशी दोन्ही पद्धतींची सरमिसळ आलेली आहे.

अमेरिकेतील निर्वाचक

निर्वाचकांमार्फत अध्यक्ष निवडण्याचे जगातील सर्वांत प्रसिद्ध उदाहरण अमेरिकेचे. न्यू जर्सीतील एडिसनसारख्या शहरांत राहणारी मराठी कुटुंबे नोव्हेंबरमध्ये अध्यक्षपदाच्या उमेदवाराच्या नावापुढे खूण करतात, पण प्रत्यक्षात निवडतात ते आपल्या राज्याचे निर्वाचक. एकूण निर्वाचक ५३८, बहुमत २७०. न्यू जर्सीचा वाटा १४. दोन राज्ये वगळता सर्वत्र ज्याला अधिक मते, त्याच्याकडे राज्याचे सर्व निर्वाचक, असा नियम आहे. म्हणूनच २०००मध्ये अल गोर यांना देशभरात सुमारे साडेपाच लाख मते अधिक मिळूनही फ्लॉरिडातील ५३७ मतांच्या फरकाने जॉर्ज बुश अध्यक्ष झाले. २०१६मध्ये हिलरी क्लिंटन २८ लाखांहून अधिक मतांनी पुढे असतानाही डोनाल्ड ट्रम्प जिंकले.

दोन्ही देशांत एक मूलभूत फरक आहे. अमेरिकेत संसद सदस्याला निर्वाचक होण्यास घटनेनेच मनाई केली आहे. निर्वाचक हा त्या एका कामापुरता निवडलेला माणूस असतो. भारतात निर्वाचक असतात ते आमदार-खासदारच आणि राष्ट्रपती निवडणे हे त्यांच्या असंख्य कामांपैकी पाच वर्षांतून एकदा येणारे काम. शहापुरात मत मागताना कोणताही उमेदवार राष्ट्रपतींचा विषय काढत नाही. रस्ता, पाणी, वनहक्काचे दावे यांवरच निवडणूक लढवली जाते. जनतेचा कौल आणि निर्वाचकांचा कौल वेगळा पडल्याचे अमेरिकेत उघड दिसते. आपल्याकडे जनतेला विचारलेच जात नसल्याने तसा फरक असला, तरी तो दिसत नाही.

गोठलेला आकडा वितळल्यावर

१९७१च्या लोकसंख्येवर हिशेब थांबवण्याचा निर्णय आणीबाणीतील ४२व्या घटनादुरुस्तीचा. कुटुंबनियोजन मनावर घेणाऱ्या राज्यांची राजकीय ताकद त्यामुळे कमी होऊ नये, हा त्यामागील हेतू होता. ही मुदत २०००पर्यंत होती. २००१च्या ८४व्या घटनादुरुस्तीने ती वाढवली गेली आणि २०२६नंतरच्या पहिल्या जनगणनेचे आकडे प्रसिद्ध होईपर्यंत १९७१चीच लोकसंख्या धरावी, असे ठरले. केंद्र सरकारने पुढील जनगणनेसाठी १ मार्च २०२७ हा संदर्भ दिनांक जाहीर केला आहे. हिमाच्छादित भागांसाठी तो १ ऑक्टोबर २०२६ आहे. लोकसभेच्या जागांच्या फेरवाटपावरून दक्षिणेकडील राज्यांनी आवाज उठवला आहे. राष्ट्रपतींच्या निवडणुकीतील मतमूल्य हा त्याच वादाचा कमी चर्चिला गेलेला भाग.

बदल कोणत्या दिशेने होईल, हे २०११ची लोकसंख्या आणि आजच्या जागा धरून केलेल्या हिशेबातून दिसते. उत्तर प्रदेशच्या आमदाराचे मूल्य २०८वरून ४९६ होईल, बिहारचे १७३वरून ४२८, राजस्थानचे १२९वरून ३४३. तमिळनाडूचे १७६वरून ३०८ आणि केरळचे १५२वरून २३९. सर्वांचेच आकडे वाढतील. पण महत्त्व एकूण बेरजेतील वाट्याला आहे. तमिळनाडूची लोकसंख्या १९७१मध्ये देशाच्या साडेसात टक्के होती, २०११मध्ये ती सहा टक्क्यांवर आली. आज तमिळनाडूच्या आमदाराचे मत राजस्थानच्या आमदारापेक्षा ४७ने जड आहे. नव्या हिशेबात ते ३५ने हलके होईल.

महाराष्ट्राच्या आमदाराचे मूल्य या हिशेबाने १७५वरून ३९०वर जाते. बिहारच्या पुढे असलेले राज्य त्यामुळे बिहारच्या मागे जाईल. देशाच्या लोकसंख्येतील महाराष्ट्राचा वाटा मात्र १९७१मध्ये ९.२ टक्के होता आणि २०११मध्ये ९.३ टक्के. चाळीस वर्षांत तो जवळजवळ हललेला नाही. इतर राज्यांत जन्मदर कमी-अधिक झाले, महाराष्ट्रात बाहेरून माणसे येत राहिली. ती उतरली मुंबईत, ठाण्यात, कल्याणमध्ये आणि बदलापुरात. दक्षिणेची तक्रार आणि उत्तरेची मागणी यांच्यामध्ये महाराष्ट्राला या प्रश्नावर फारसे गमावण्यासारखे नाही आणि कमावण्यासारखेही नाही. राज्यातील पक्ष या विषयावर गप्प का, याचे एक कारण कदाचित येथेच सापडेल.

जागांची संख्याही बदलली, तर ही सर्व गणिते पुन्हा मांडावी लागतील. आमदार वाढले, की भागाकार लहान होतो आणि एका मताचे मूल्य घटते. राज्याची एकूण बेरीज मात्र तेवढीच राहते. मुरबाड मतदारसंघातून बदलापूर वेगळे काढले जाईल, शहापूरच्या सीमा सरकतील किंवा सरकणार नाहीत, ते पुनर्रचना आयोगाच्या हाती असेल. कोणत्याही नकाशात उंबरमाळीच्या आमदाराचे आणि बदलापूरच्या आमदाराचे मत राष्ट्रपतींसाठी सारखेच मोजले जाईल.